बाहेरची पट्टी

गल्लीच्या टोकाला पावसाळी नाला नदीला मिळे, तिथल्या लोखंडी झडपेची नोकरी नवऱ्यामागे वहिनीकडे आली. दिराची ती वहिनी, म्हणून साऱ्या गल्लीचीच वहिनी. पूर अडवणाऱ्या भिंतीच्या आत एक मोजपट्टी होती, बाहेर नदीच्या अंगाला दुसरी. नदी खाली असली की झडप उचलायची, गल्लीचे पाणी वाहून जाते. नदी वर चढली की झडप पाडायची, नाहीतर नदीच घरात शिरते. मग पाऊस गल्लीत साचतो आणि नदी ओसरेपर्यंत तो सोसावा लागतो. गल्लीला मात्र फक्त साचलेले पाणी दिसे.

त्या दुपारी ते गुडघ्याला लागले. दीर दहा-बारा जणांना घेऊन झडपेच्या चौथऱ्यावर आला.

"वहिनी, चाक फिरवा, झडप उचला."

"भाऊजी, बाहेरची पट्टी बघा. नदी आपल्याहून दोन हात उंच आहे. उघडलं तर पाणी जायचं नाही, यायचं."

"नाल्याचं पाणी नदीत जातं, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"चाक हातात आलं म्हणून नदीची मालकीण झालीस का गं?" मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला.

तिने चाकाला मिठी मारली. दिराने तिची बोटे एकेक करून सोडवली, एक मोडले. चाळीस फेऱ्यांत झडप वर गेली आणि नदी आत आली.

घरात सासू अर्धांगाने खाटेला खिळलेली होती. वहिनी आणि दीर दोघेही धावले, पाण्याच्या दाबाने दार उघडेना. उघडले तेव्हा खाट तरंगत होती, सासू तिच्यावर नव्हती.

पाणी छातीशी येऊन थांबले. थांबणारच होते, आत-बाहेर पातळी एक झाल्यावर ते चढणार कुठे? पण गल्लीने पाहिले ते एवढेच, की झडप उघडली आणि पाणी थांबले.

"वेळेवर उघडली असती तर आई वाचली असती," दीर ऊर बडवत म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. खोटे बोलणाऱ्याला निदान आपले खोटे ठाऊक असते.

चौकशीच्या साहेबाने दोन्ही पट्ट्यांचे आकडे नीट पाहिले.

"बाई, तुमचं बरोबर आहे."

"मग तसं लिहा, साहेब."

"लिहितो. पण चाक कोणाच्या ताब्यात होतं?"

तिने मोडलेले बोट पुढे केले.

"चाक हिसकावू द्यायचं नाही, हेही नियमातच आहे."

तिची नोकरी गेली. गल्लीने सह्यांचा अर्ज केला आणि जागा दिराला मिळाली.

"भाऊजी, एवढं ऐका. आधी बाहेरची पट्टी बघत जा."

"ते तुमचं शास्त्र. आता गुडघ्याला पाणी लागलं की उघडायचं, सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

त्याच संध्याकाळी ती टेकाडावरच्या वस्तीत खोली शोधत फिरली. सहा दारे ठोठावली. सासूला बुडवणाऱ्या बाईला तिथे कोणीही खोली दिली नाही.