तीन नंबरच्या खोलीखालचा बोगदा

मिस्त्रींना शेतावर सगळे मिस्त्रीच म्हणत. उमेदीची वर्षं त्यांनी इथेच, कौलांच्या भट्टीवर काढली. कारखाना बंद पडला तशा मालकांनी गायी घेतल्या, भाजीपाला लावला. पुढे त्यांच्या सुनेने, म्हणजे वहिनींनी, कौलं वाळवायच्या शेडमध्ये पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या. शहरातली माणसं सुट्टीला येत, शेणाच्या वासाने नाक मुरडत आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर होत. गळके नळ, कुरकुरणारी दारं, सगळं मिस्त्रींच्या गळ्यात.

त्या सोमवारी मिस्त्रींना तीन नंबरच्या खोलीत फरशीला तडा दिसला.

त्या खोलीखाली बोगदा होता. भट्टीचा धूर धुराड्याकडे नेणारा, माणूस वाकून जाईल एवढा. कारखाना मोडला तेव्हा तो भरून टाकायचं काम मिस्त्री आणि त्यांच्या धाकट्या भावाला मिळालं. एका तोंडाकडून हे, दुसऱ्या तोंडाकडून तो. मिस्त्री पाच दिवस घाम गाळत होते. धाकटा आधीच कामचुकार म्हणून गाजलेला. तिसऱ्या दिवशीच त्याच्याकडचं तोंड विटांनी बंद आणि स्वारी झाडाखाली आडवी. नुसती भिंत घालून मोकळा झाला, असं मिस्त्रींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. घरची लाज चव्हाट्यावर नको म्हणून अवाक्षर काढलं नाही. पुढे नेमकी धाकट्याच्या भागावर खोली झाली तेव्हाही गप्पच बसले, कारण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलंत, हा प्रश्न आलाच असता. मग दर सुट्टीत पाहुण्यांची पोरं त्या खोलीत उड्या मारत आणि इकडे यांचा जीव टांगणीला.

या शुक्रवारी तीन मुलांचं कुटुंब यायचं होतं. मिस्त्री गोठ्यात गेले.

"वहिनी, तीन नंबर कोणाला देऊ नका. खाली पोकळ आहे," ते म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

वहिनींनी बादली खाली ठेवली. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्यापासून."

त्या रागावल्या नाहीत, तेच मिस्त्रींना जास्त लागलं. "पहार आणा," एवढंच म्हणाल्या.

फरशा उचलल्या, खणत खणत दोघं बोगद्याच्या कमानीपर्यंत पोचले, हलक्या हाताने दोन विटा काढल्या. आत कौलांचे तुकडे आणि माती, अगदी वरपर्यंत ठासून भरलेली. चार ठिकाणी बघितलं, चारही ठिकाणी तेच. मिस्त्री शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागले. कोणी चिरडणार नव्हतं, खोल्या बंद पडणार नव्हत्या.

वहिनींनी कोपऱ्यातली ओली माती चिमटीत घेतली. "इथे पाइप गळतोय, म्हणून फरशी खचली. पाइप कोणी बसवला होता हो?"

"मीच," मिस्त्री म्हणाले. वहिनी इतक्या हसल्या की त्यांनाही हसू आलं.

दुपारी मिस्त्रींनी धाकट्याला फोन लावला.

"तो बोगदा तू तीन दिवसांत कसा भरलास रे?"

"माझ्याकडून उतार होता, दादा. गाडा ओतला की माल आपोआप आत घसरायचा. तू चढावर ढकलत बसला होतास." मग त्याच्या लक्षात आलं. "भरलाच नाही असं वाटलं होतं का तुला?"

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो."

"मला एकदा विचारायचंस ना," धाकटा म्हणाला.