ताप उतरला

दवाखान्यात समोरच्या बाकावर एक बाप तापानं मलूल झालेल्या लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टर थर्मामीटर बघून म्हणाले, "उतरलाय ताप." बाप हसला. त्या दोघांचा काही दोष नव्हता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबा फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होते. त्यांचं पत्र आलं : 'ताप आहे, पण इथले डॉक्टर दिवसातून दोनदा येऊन बघतात.' आई हरखली. "बघ, तीही माणसंच आहेत," म्हणाली, आणि ताप उतरावा म्हणून गावदेवीला नारळाचा नवस बोलली.

आजारी माणसाला फाशी देत नाहीत, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? सरकारला माझा बाप ठणठणीत हवा होता! ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना लटकवलं. कागदावर डॉक्टरांचा शेरा होता, 'प्रकृती उत्तम'.

शाळेत 'फाशीवाल्याची पोर' म्हणायचे, ते मी सोसलं. ते 'उत्तम' अजून सोसत नाही.

देवीनं आईचं ऐकलं होतं. "नवस फेडायला हवा का गं?" आई मला मरेपर्यंत विचारत राहिली.