माहेरची गळकी जीप

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मला न्यायला आबा, म्हणजे माझे वडील, स्वतःच्या जीपने आले. जीप कसली, सगळा रामभरोसे कारभार! उभा जन्म होडीवर काढलेला माणूस. हाताला कंप सुटला म्हणून समुद्र सोडला आणि ऐंशी-एक्याऐंशी साली ही जुनी जीप घेतली. "लेकीला घरच्या गाडीतून आणीन," असं गावात, अख्ख्या भाट्यात सांगून ठेवलेलं.

पालीला माझ्या सासरच्या दारात जीप थांबली आणि नुकत्याच सारवलेल्या अंगणात ऑइलचा काळा ओघळ उतरला. सासरे म्हणाले, "व्याही, राग मानू नका. पण या गाडीतून सुनेला पाठवणार नाही. एसटीने न्या." आबांचं तोंड एवढंसं झालं. असा संताप आला मला! पण बोलते कुणाला? सासऱ्यांचंही खोटं नव्हतं.

"आत्ता बंद करतो," म्हणत आबा गाडीखाली शिरले. हातात काय, तर कापूस नि राळ! होडीत पाणी दिसेल तिथे बोळा ठोकायचा, ही जन्माची सवय. एकीकडे बुजवलं की दुसरीकडून गळायचं.

"आबा, ही होडी नाय हो!"

"गप गो. भोक ते भोक."

शेवटी मीच चिडून इंजिन पुसून घ्यायला लावलं आणि माझा पावडरचा डबा त्यावर उपडा केला. गाडी सुरू केल्यावर पांढऱ्यावर काळी रेघ उमटली ती पार वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या कडेला. तिथून ओघळून ऑइल खाली ठिबकत होतं. आबांनी नट आवळले, तरी कडेने बुडबुडे येतच राहिले.

सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "भाताच्या टोपावर झाकण दाबून बसवलं तर पेज उतू जायचीच. वाफेला वाट कुठाय?"

आबा थबकले. मग खाली मान घालून त्यांनी इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वरच्या नळीतला लाकडी खुंटा उपटला. नळीतून धूर येतो म्हणून त्यांनीच कधीतरी ठोकलेला! पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर. या खेपेला पांढरं ते पांढरंच राहिलं. सासऱ्यांनी वाकून नीट बघितलं आणि माझी पेटी जीपमध्ये ठेवली.

वादळात होडी घालणारे आबा बैलगाडीच्या चालीने निघाले. दर वळणावर उतरून खाली वाकायचे.

"आता काय बुडणार आहोत?" मी चिडवलं.

हसले नाहीत. भाट्याच्या पुलावर समोर बघतच म्हणाले, "तुझा सासरा बरोबर बोलला. मला ठाऊक होतं, गाडी धड नाय. पण एसटीने आलो असतो तर तुझा बाप थकला हे सगळ्यांना दिसलं असतं गो."

मला रडू कोसळलं. आबांनी घाईघाईने गाडी थांबवली आणि पुन्हा खाली वाकून बघायला उतरले.