विजयमालाची दुपारची कादंबरी

विजयमाला मुकुटबनची. तिचे वडील शेतातून आले की हातपाय धुऊन ओसरीवर पुस्तक घेऊन बसायचे. त्यांचं पाहून तिलाही वाचायचा नाद लागला. लग्न होऊन ती दारव्ह्याजवळच्या एका गावात आली. मग लेकरं, सासूचं दुखणं, कापसाची वेचणी, यात वाचन मागं पडलं ते पडलंच. मुलगी प्रेरणा यवतमाळला कॉलेजात गेली, तेव्हा कुठं हात जरा मोकळा झाला. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतून वाचनालयाचं पुस्तक घरी यायला लागलं.

तिला जुनी, जाडजूड पुस्तकंच आवडत. "नव्या पुस्तकात मानसं लवकर सरून जाते," ती प्रेरणाला म्हणायची. "जुन्यात मोलकरीनही दोन पानं बोलून घेते."

कुकरच्या शिट्ट्या होईतो, चहा उकळेतो ती वाचायची. नवरा गोपाल काही म्हणत नसे. सासरे बापूजी मात्र चिडवायचे, "कायले एवढं वाचून राह्यली, सूनबाई? परीक्षा हाय का?"

यंदा थंडीत तिनं बर्फाच्या मुलखातली एक जुनी कादंबरी आणली, मराठीत उतरवलेली. गिरणीचा म्हातारा मालक, त्याची अबोल मुलगी आणि तिला मागणी घालणारा एक घड्याळजी. नावं इतकी लांबलचक, की विजयमालानं त्या मुलीला मनातल्या मनात शांती करून टाकलं. खुणेला ती तुरीची वाळकी काडी ठेवायची. मध्येच एकदोनदा काडी भलत्याच पानावर दिसली. वाऱ्यानं पडली असेल, कोणी उचलून ठेवली असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

एका दुपारी जेवताना बापूजी भाकर मोडत म्हणाले, "तिनं त्याले नाही म्हनायले नोको होतं."

"कोनं? कोनाले?" गोपालनं विचारलं.

"त्या पोरीनं. भला मानूस होता तो."

गोपालचा घास हातातच राहिला. "शेजारच्या रामलालच्या पोरीचं दिग्रसचं लगन मोडलं का?"

"रामलालची कायले? गिरनीवाल्याची. तो घड्याळवाला नाही का!"

विजयमालाच्या हातातला भाजीचा चमचा थांबला. "बापूजी, मी तिथवर आली नोती," ती हळूच म्हणाली.

बापूजी ओशाळले. "मले वाटलं, तू तं पुढं असशील." मग ताटाकडे पाहत म्हणाले, "तू वावरात गेली का वाचतो मी. भाजी करपते तरी तू उठत नाही. म्हटलं, पाहू तं, आत हाय तरी काय."

बापूजी चौथी शिकलेले. ओळीवर बोट ठेवून वाचायचे. त्यांनी सुनेला मागं टाकलं होतं, याचं तिला नवल वाटलं आणि रागही आला. संध्याकाळी तिनं त्यांच्यापुढं चहा ठेवला, पण नेहमीसारखी दोन शब्द बोलायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्या पानावर पोचली. घड्याळजी दारात उभा होता. शांती आजारी बापाचं पांघरूण सारखं करत होती, आणि त्याच्याकडे न पाहता तिनं नाही म्हटलं. काय होणार हे विजयमालाला ठाऊक होतं. तरी तिनं पदर डोळ्यांना लावला. तेवढं एक पान तिनं परत वाचलं. दूध उतू गेलं.

"तुमी सांगतलं तरी रडू आलं मले," तिनं बापूजींना सांगितलं.

"मलेही आलतं," ते म्हणाले. "पन चुकलीच ते पोरगी."

"नाही चुकली. बापाले टाकून कशी जाईन?"

"बाप काय जन्माले पुरते?"

असा वाद मग रोजच. तूर निवडताना, शेंगा फोडताना. गोपाल जेवून उठायचा, हे दोघं शांतीच्या घरीच असायचे. एकदा तर त्यानंच विचारलं, "मंग त्या घड्याळवाल्यानं दुसरं लगन केलं का नाही?"

कादंबरी संपली. पुढच्या बाजाराला विजयमाला निघाली, तर बापूजी चष्मा घेऊन आधीच जीपमध्ये बसलेले. वाचनालयात त्यांनी कपाटापुढं खूप वेळ काढला, पुस्तकं हातात घेऊन तोलून पाहिली. शेवटी दोघांनी मिळून एक निवडलं, आधीच्यापेक्षाही जाड.

परतीच्या जीपमध्ये भाजीची पिशवी तिच्या मांडीवर होती आणि पुस्तक त्यांच्या. "उघडू का?" त्यांनी विचारलं.

"उघडा. पन मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

जीप हलली. बापूजींनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.