नैवेद्याच्या आधी

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा सासूबाईंनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक सोवळ्यातला स्वयंपाक आणि दुसरी वन्संना बांधणं. दुसरी मी लवकर शिकले, हे सांगताना आजही तोंड कडू होतं.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. वय बत्तीस, पण जन्मापासून समज कमी, बोलणं जवळजवळ नाहीच. सकाळभर शहाण्यासारख्या बसायच्या आणि साडेदहा-अकराच्या सुमारास अंगात आल्यासारख्या स्वयंपाकघरावर धावून जायच्या. अडवलं की चावायच्या. म्हणून रोज दहा वाजता त्यांना मागच्या पडवीतल्या खांबाला बांधायचं, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं. "आपण दोरखंड नाही हो वापरत," असं सासूबाई शेजारणींना अभिमानानं सांगत. आणि मी काय म्हणत असे? "वन्सं, हात पुढे करता का?" त्या थोरल्या ना, म्हणून अहो-जाहो. मान द्यायचा आणि गाठ मारायची!

बारा-साडेबाराला देवाला नैवेद्य, मग पुरुषमाणसं, मग आम्ही, आणि सगळ्यांच्या शेवटी वन्संचं ताट. ते झालं की सोडायचं. दोन वर्षं हे मी बिनतक्रार केलं.

एकदा गाठ सैल राहिली. वन्सं सुटल्या आणि सासूबाईंच्या दंडाला कडकडून चावल्या. रक्त आलं, पण सासूबाई रडल्या त्या सोवळं मोडलं म्हणून. पुन्हा आंघोळ, पुन्हा सगळा स्वयंपाक. त्या रात्री ठरलं, आता पट्टी पुरे, साखळी आणायची.

शनिवारी हे उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन एका सिंध्याच्या दुकानातून साखळी घेऊन आले. जेवताना हसत हसत सांगू लागले, "दुकानदार विचारतो, कुत्ता कितना बडा है? मी म्हटलं, मीडियम." सासूबाईसुद्धा हसल्या. मी भात वाढत राहिले. पुढच्या महिन्यात सुतार येऊन खांबाला कडी ठोकणार होता.

त्याच आठवड्यात मला कावळा शिवला. म्हणजे तीन दिवस बाजूला, मागच्या पडवीत, वन्संपासून चार हातांवर. बाजूला बसलेलीला जेवण शेवटी, वरून टाकलेलं. अकरा वाजता आतून आमटीच्या फोडणीचा वास आला आणि माझी भूक खवळली. त्याच क्षणी वन्संनी पट्टीला हिसका दिला. मी वळून पाहिलं. नाकपुड्या फुललेल्या, ओठांवरून लाळ गळत होती. दोन वर्षं हा हिसका मी आत चुलीपाशी बसून ऐकला होता आणि दर वेळी दार लोटून घेतलं होतं.

ही बाई भुकेली होती! सकाळी सहाला कपभर चहा, त्यानंतर दीडपर्यंत काही नाही, आणि तीन तास अन्नाचा वास. मला सकाळी दिलेली अर्धी शिळी भाकरी उरली होती. ती मी पुढे सरकवली. वन्संनी वाकून, बांधल्या हातांनी ती खाल्ली आणि खांबाला डोकं टेकून गुणगुणत बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

भांडी घासायला मोरिवलीहून येणारी बाई हे बघत होती. राख झटकत म्हणाली, "आमचेकरं बयलाला पन पयला पेंडा घालतान, मंगशी जुपतान." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आई, वन्संना दहा वाजता वाढू या का? भुकेनं करतात त्या."

"देवाच्या आधी? या घरात असं कधी झालेलं नाही."

"लहान मुलांना चालतं की. तुम्हीच म्हणता ना, त्यांची अक्कल दोन वर्षांच्या पोराची."

"बत्तीस वर्षांची घोडी ती! लहान मूल कसली?"

बांधताना मूल आणि वाढताना घोडी. शिसारी आली मला. ह्यांच्याकडे पाहिलं तर ह्यांनी पेपर वर धरला होता. मी म्हटलं, "मग उद्यापासून तुम्हीच बांधा. मी हात लावणार नाही." दंड अजून ठणकत असावा, कारण त्या नमल्या. अट एकच, सोवळ्यातलं अन्न नाही. मी अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीवर वेगळ्या पातेलीत रेशनच्या तांदळाचा भात शिजवू लागले.

एकदम सोडायचं धाडस मलाही नव्हतं. आधी आठवडाभर भात देऊन बांधलं. हिसका आला नाही. मग पट्टी लांब केली आणि एक हात मोकळा ठेवला. मग पट्टीच काढली, नुसती स्वयंपाकघराची कडी लावली आणि त्यांच्यापुढे सोलायला वालाच्या शेंगा ठेवल्या. पहिल्या दिवशी त्या मध्येच उठल्या तेव्हा माझा हात आपसूक पट्टीकडे गेला. त्या मोरीवर गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत शेंगांपाशी येऊन बसल्या. सुताराला नको म्हणून निरोप गेला.

महिन्याभरानं सासूबाई म्हणाल्या, "देवानं ऐकलं हो माझं." इतकी वर्षं ज्याच्या नावानं पोरीला उपाशी ठेवलं, त्यालाच श्रेय!

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू झालं. वन्सं पहिल्यांदाच बायकांत बसल्या, नवं पातळ नेसून, कैरीची डाळ चाटून खात. एका ऑफिसरच्या बायकोनं हळद लावायला त्यांचा हात हातात घेतला आणि ती थबकली. मनगटाभोवती काळपट, जाड कातडीचं कडं होतं.

"हे काय हो झालं?"

"भाजलं होतं लहानपणी," सासूबाई चटकन म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हो ना गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. वन्संही बघत होत्या.

मला त्या घरात येऊन तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, "हो. लहानपणीच."