बाबांच्या आवाजात मी जोडलेली ओळ

घशातल्या गाठीबरोबर बाबांचं स्वरयंत्रही काढावं लागेल, असं इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "जेवण घरचं चालेल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. पण खरं सांगते, मला काही वाटतच नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ कुठे आहे ते कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. आई गेलेली, भाऊ आखातात, घरात आम्ही दोघंच.

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "गाऱ्हाणां कोण घालतलो आता?" आमच्या पेडण्यात वर्षाचा नारळ देवाला ठेवताना घरातला मोठा माणूस उभा राहून देवाला मोठ्याने साकडं घालतो, ते गाऱ्हाणं. तो एकेक मागणी सांगतो आणि बाकीचे दर मागणीला "व्हय महाराजा" म्हणतात. आमच्याकडे ते बाबांचं काम. ऑपरेशनला थोडेच दिवस होते. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर भरून ठेवूया.

कॉम्प्युटर भावाने घेऊन दिलेला. त्यात आधीपासून असलेला रेकॉर्डर मी पहिला उघडला. बाबांनी घसा खाकरला, ग्रामदेवतेचं नाव घेतलं, सीमेवरच्या देवांची नावं घेतली, आणि एक मिनिट होताच तो गप्प बसला. त्याला तेवढंच येत होतं.

"देव संपूच्या आधी मशीन संपलां?" बाबा म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

तुयेच्या ज्या कारखान्यात मी ऑफिसचं काम करायचे, तिथल्या एकाने मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी दिली. स्टुडिओवाले हेच वापरतात म्हणाला, झक्कास आहे. उघडलं तर पडदाभर नुसती बटणं आणि पट्ट्या. दोन पट्ट्या चुकून बंद केल्या, त्या परत कशा आणायच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. तरी बाबांनी दम खात खात सगळं गाऱ्हाणं घातलं, आणि मी ते कॉम्प्युटरवर ठेवायला गेले तर कळलं, ही नमुन्याची प्रत. ऐकायला मिळेल, ठेवायला मिळणार नाही. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी त्या सीडीवाल्याला असं फैलावर घेतलं की कँटीनमध्ये तो माझ्या टेबलाकडे फिरकेना. बिचारा! राग तेवढा शिल्लक होता माझ्यात, बाकी सगळं बधिर.

शेवटी बाजारातल्या सायबर कॅफेत बसून एक फुकटचं, साधं सॉफ्टवेअर उतरवून आणलं. त्यात लाल बटण दाबलं की भरायला सुरुवात. आवाज डोळ्यांना दिसतो, नको तो तुकडा निवडून कापता येतो, उचलून दुसरीकडे ठेवता येतो. मला एवढंच हवं होतं.

आता बाबाच अडून बसले. "एकट्यान कसलां गाऱ्हाणां? व्हय कोण म्हणतलो?" आधीच्या दोन वेळा म्हणे नुसती तालीम होती, ही खरी. मग बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दारं-जनेलं लावून घेतली, पंखा बंद केला आणि मीच त्यांच्या शेजारी उभी राहून प्रत्येक मागणीला "व्हय महाराजा" म्हटलं. बाबांचा आवाज तोवर पाण्यातून आल्यासारखा झाला होता. पण सगळं झालं, आणि ठेवलंही गेलं.

ऑपरेशननंतर बाबा इस्पितळात होते तेव्हा मी त्यातून माझा आवाज कापायला बसले. माझ्या जागी रिकामी जागा ठेवायची होती, नारळाच्या दिवशी घरात जमलेले लोक ती भरतील म्हणून. एकेक मागणी नीट ऐकली ती तेव्हाच. भावाची नोकरी टिकू दे. गायीचां दुखणां दूर कर. ज्याच्याशी कुंपणावरून आमचं बोलणं बंद होतं, त्या शेजाऱ्याच्या मुलाचं लग्न जमू दे. आणि मुलीसाठी, म्हणजे माझ्यासाठी, माझां चेडू एकटां आसा, तेका सांभाळ. स्वतःच्या गळ्याबद्दल अवाक्षर नाही! गायीचं आठवलं आणि स्वतःचं नाही? मला असा संताप आला की मी कॉम्प्युटर बंद करून उठले आणि कारण नसताना भांडी घासली.

मग परत बसले. माझ्या ओळीतला "माझां" उचलला. गायीच्या ओळीतला "दुखणां दूर कर" उचलला. दोन्ही शेजारी ठेवले, मधली फट थोडी कमी केली. बाबांच्याच आवाजात बाबा म्हणाले, "माझां दुखणां दूर कर." जोड कळतसुद्धा नव्हता.

बाबा घरी आल्यावर त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवून ते ऐकवलं. गळ्याला पट्टी होती, बोलायला पाटी-पेन्सिल दिली होती. ती ओळ आली तशी त्यांची मान वर झाली. हाताने खूण करून त्यांनी ती परत लावायला सांगितली. परत ऐकली. मग पाटीवर लिहिलं, "ह्यां मी म्हणूक नाय. काढ."

"मग म्हणायचं होतं ना!" मी ओरडले. आजारी माणसावर ओरडले. "सगळ्या गावासाठी मागितलंत. तुमच्यासाठी मागायला काय धाड भरली होती?"

बाबा बराच वेळ लिहीत होते. पेन्सिल कुरकुरत होती. मग पाटी माझ्याकडे फिरवली.

"मी मागलंय आणि देवान दिल्यान नाय, तर तू तेका सोडशीत. मगे तुका कोण आसा?"

मी ती जोडलेली ओळ निवडली आणि काढून टाकली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले, अगदी हुंदके देऊन. बाबांनी पाटी पुसायला खुणेने फडका मागितला. मी दिला नाही.