पन्हाळ्याचा चार दरवाजा

बाळांनो, सोमवारी मी तुमच्या आजोबांना पन्हाळ्याला घेऊन चालले आहे. तुमच्या बाबांना हे मुळीच पटलेलं नाही. त्यांची बाजू तुमच्या कानावर आली असेलच. माझी लिहून ठेवते.

दिवाळीत मातीचा किल्ला करणं राजाजीनगरच्या या घरात आम्ही कधी चुकवलं नाही. आजोबा दरवर्षी पन्हाळाच करतात, कारण ते त्या गडावरच्या गावातच लहानाचे मोठे झाले. यंदा मात्र किल्ला पुरा होईना. सकाळी लिंपलेली तटबंदी ते दुपारी मोडत. कड्यावरची सज्जाकोठी एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला. विसरणं वर्षभर चालूच होतं; डॉक्टरांनी त्याला नावही दिलं आहे.

वरच्या मजल्यावरच्या कानडी अक्का जिन्यातून म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प बसा की! शत्रू काही आज येत नाही."

"तुम्हाला काय ठाऊक? चार दरवाजा उघडा पडलाय," आजोबा म्हणाले आणि दोन विटा उभ्या करून त्यांनी दरवाजा बांधायला घेतला.

मला चूक दिसली की राहवत नाही. आतून नकाशाचं पुस्तक आणलं आणि अक्कांसमोरच म्हटलं, "अहो, हा दरवाजा इंग्रजांनी पाडला, तुमच्या पणजोबांच्या वेळी. तुम्ही तो पाहिलेलाच नाही."

"मी शाळेतून त्यातूनच घरी यायचो."

"शक्यच नाही."

त्यांनी हात धुतले आणि आत जाऊन बसले. पुन्हा किल्ल्याला हात लावला नाही. दिवाळी उलटली, तटावर पेरलेले हळीव उंच होऊन पिवळे पडले. आजोबांच्या येरझाऱ्या तेवढ्या सुरू राहिल्या: फाटक, जिना, पुन्हा फाटक. त्यांच्यामागे मी, हातातलं काम अर्धं टाकून.

परवा फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "अगं, मी गडावर राहत होतो ना? की तेही तुझ्या पुस्तकात नाही?"

मी लगेच हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागले. माझ्या होकारावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि तो मीच घालवला होता. त्याच दुपारी तिकिटं काढली.

"आई, तिथे ते जास्तच गोंधळतील," तुमचे बाबा फोनवर म्हणाले. "दरवाजा नाही हे डोळ्यांनी दिसलं, तर?"

कदाचित ते चिडतील, कदाचित मुकाट गाडीत येऊन बसतील. पण इथे राहिले तर उरलेला गडही एकेक दगड करून हातचा जाईल. म्हणून नेते आहे. नकाशा घरी ठेवणार आहे. वाट ते दाखवतील, मी मागून चालेन, आणि ते चुकले तरी बोलणार नाही.

चार दरवाजा पडला आहे. तीन दरवाजा आणि धान्याची तिन्ही कोठारं अजून उभी आहेत.